चेन्नई ते रामेश्वरम मोटारप्रवास : धरमपेठेतील एका नियोजन सेवेचे परीक्षण

नागपुरात दक्षिणेची सहल विकणाऱ्या कार्यालयांची वानवा नाही. सीताबर्डीपासून वर्धा रोडपर्यंत अनेक फलकांवर तिरुपती, रामेश्वरम आणि कन्याकुमारी ही नावे एका ओळीत लिहिलेली दिसतात, आणि त्या ओळीत शिरलेला प्रवासी पुढचे सगळे दिवस बसच्या खिडकीतून दक्षिण भारत पाहतो. धरमपेठेतील ज्या सेवेविषयी येथे लिहीत आहे, तिचा प्रकार निराळा आहे. ती तयार सहल विकत नाही. आपली माणसे, त्यांची वये आणि आपला वेग विचारात घेऊन ती केवळ प्रवासाची आखणी करून देते व त्या आखणीचे शुल्क वेगळे घेते. आमच्याकडून अडीच हजार रुपये घेऊन त्यांनी चेन्नई ते रामेश्वरम या प्रवासाची दिवसवार टिपणे, नकाशे, मुक्कामांचे पर्याय आणि गाडीचे दरपत्रक दिले. सेवेचे नाव देत नाही, कारण गाडीच्या व्यवहाराबाबत पुढे जी तक्रार केली आहे ती या एका कार्यालयापुरती नाही, असे चौकशीअंती दिसून आले.

चेन्नई ते रामेश्वरम हे अंतर रस्त्याने साधारण 560 किलोमीटर आहे. तिंडीवनम, विल्लुपुरम, तिरुचिरापल्ली असा आतला महामार्ग धरला तर पहाटे निघालेली गाडी संध्याकाळच्या आत रामेश्वरमच्या बेटाकडे नेणाऱ्या पांबनच्या पुलावर पोहोचते, आणि नागपूर ते पुणे एका दमात गाडी हाकणाऱ्या वैदर्भीय माणसाला त्यात विशेष काही वाटत नाही. फुकटची आखणी नेमकी येथेच फसते. नकाशा अंतर व वेळ सांगतो. पण दुपारी देऊळ बंद असते, कोणत्या महिन्यात समुद्र खवळतो, आणि परतताना त्याच रस्त्याने मागे यावे की न यावे, हे तो सांगत नाही. या सेवेचे शुल्क कारणी लागले असे मी म्हणतो ते याच तीन गोष्टींमुळे.

ऋतूचा प्रश्न त्यांनी सर्वांत आधी काढला, याचे कौतुक वाटले. आपल्याकडे सहल म्हणजे दिवाळीची सुट्टी, हे समीकरण पक्के आहे. समोरचा तरुण नियोजक मात्र सरळ म्हणाला, “काकाजी, दिवाळीत तिकडं पाऊस राहते. आपल्याकडचा गेला म्हणजे तिकडचाही गेला, असं नाही.” तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस पडतो तो ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, आणि बंगालच्या उपसागरातील वादळांचाही हाच हंगाम असतो. रामेश्वरमजवळच्या ज्या धनुष्कोडीला पाहायला आपण जातो, ती 1964 च्या डिसेंबरमध्ये, 22 आणि 23 तारखेच्या दरम्यानच्या रात्री, अशाच वादळाने उद्ध्वस्त झाली. दिवाळीचे वेळापत्रक बाजूला ठेवून त्यांनी जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी सुचवला व जानेवारीच्या मध्यावर येणाऱ्या पोंगल सणाच्या गर्दीतून आमची सुटका केली. शाळकरी मुले असलेल्या घरांना हा काळ गैरसोयीचा आहे, हे खरे. त्यांच्यासाठी नाताळच्या सुट्टीचा पर्याय ठेवताना एक दिवस राखीव धरावा, असे टिपणात नमूद होते. मे महिन्याचा विचार तर त्यांनी पूर्णपणे झिडकारला. नागपूरकराला पंचेचाळीस अंशांची भीती वाटत नाही, पण तिथला घाम वाळत नाही. तो उन्हाळा वेगळा आणि आपला वेगळा.

नागपूरहून स्वतःची गाडी काढावी की नाही, यावरही त्यांचे मत स्पष्ट होते. राष्ट्रीय महामार्ग 44 नागपुरातून जातो, तोच पुढे मदुराईला पोहोचतो, त्यामुळे मोह होणे साहजिक आहे. तथापि हैदराबादपर्यंतच सुमारे 500 किलोमीटर होतात, आणि समुद्र दिसण्याआधीच चालवणाऱ्याची पाठ धरते. त्याऐवजी तमिळनाडू एक्स्प्रेसने रात्र रेल्वेत काढून सकाळी चेन्नईत उतरावे व तिथून गाडी घ्यावी, हा त्यांचा सल्ला आम्ही मानला आणि तो योग्य ठरला.

मार्गाची निवड हा या आखणीचा गाभा आहे. सगळा प्रवास पूर्व किनारा रस्त्याने करावा, ही कल्पना ऐकायला मोहक असली तरी नियोजकाने तिचे दोन तुकडे केले. चेन्नई ते पुदुच्चेरी हा सुमारे 150 किलोमीटरचा पट्टा किनाऱ्याने, कारण वाटेत महाबलिपुरम आहे. त्यापुढे कडलूर, चिदंबरम, तरंगंबाडी, कारैकल, नागपट्टिनम असा किनारा पुढे जातो. पण गावागावांतून जाणाऱ्या रस्त्यावर सरासरी वेग घसरतो आणि गाडीतून समुद्र फारसा दिसतही नाही. म्हणून चिदंबरमहून आत वळून कुंभकोणममार्गे तंजावर, आणि तंजावरहून पट्टुकोट्टईच्या दिशेने पुन्हा किनाऱ्यावर उतरून तोंडी, देवीपट्टिनम, रामनाथपुरम, मंडपम असा मार्ग त्यांनी दिला. तरंगंबाडीचा 1620 मध्ये डॅनिश लोकांनी उभारलेला डान्सबोर्ग किल्ला यात सुटतो. ज्यांना वसाहतकाळात रस आहे त्यांना ही वजाबाकी खटकेल; मला खटकली नाही, कारण त्या बदल्यात तंजावर मिळाले.

मराठी माणसाने या रस्त्याने जाताना तंजावर टाळणे, ही गोष्ट मला अजूनही अनाकलनीय वाटते. मात्र नागपुरात विकल्या जाणाऱ्या ज्या सहली मी चाळल्या, त्यांतल्या बहुतेकांत तंजावर एक तर नव्हते किंवा दीड तासापुरते होते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तिथे भोसल्यांचे राज्य स्थापन केले. राजराज चोळाने 1010 मध्ये पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर 1803 मध्ये दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. साठ मीटरांहून उंच विमानाकडे, म्हणजे गाभाऱ्यावरील शिखराकडे, मान वर करून पाहणारे पुष्कळ; प्राकाराच्या भिंतीशी उभे राहून देवनागरी अक्षरे लावणारा माणूस आम्हाला आमच्याखेरीज दिसला नाही. आखणीत या शिलालेखाची जागा कोणत्या बाजूला आहे हे लिहून दिलेले होते, आणि सरस्वती महाल ग्रंथालयाचे संग्रहालय त्याच दिवशी दुपारच्या रिकाम्या वेळेत बसवलेले होते. मोडीतील कागदपत्रांचा फार मोठा संग्रह या ग्रंथालयाकडे आहे. दर्शनी दालनात त्याचा अंशच दिसतो, पण तेवढ्यासाठीही थांबावे.

मनोरा हे नाव तर मी या टिपणात पहिल्यांदाच वाचले. तंजावरहून साधारण 65 किलोमीटरवर, मल्लिपट्टिनमजवळ अगदी समुद्राच्या काठाला, सरफोजीराजांनी नेपोलियनच्या पराभवाप्रीत्यर्थ, म्हणजे आपल्या इंग्रज मित्रांच्या विजयाप्रीत्यर्थ, एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बांधलेला हा षट्कोनी, अनेक मजली बुरूज आहे. मराठी राजाने तमिळ किनाऱ्यावर युरोपातील लढाईचे स्मारक उभारावे, यातला विरोधाभास ज्याला जाणवेल त्याने इथे अर्धा तास द्यावा. इतरांना तो एक जुना मनोराच वाटेल. वास्तूची निगा यथातथाच आहे.

या संदर्भात सेवेचे एक न्यून सांगितले पाहिजे. नागपूरचे कार्यालय नागपूरकरांसाठी तमिळनाडूची आखणी करते, पण रघुजी भोसल्यांचा त्यात साधा उल्लेखही नाही. नागपूरच्या महाल भागातील भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक रघुजी 1740 मध्ये कर्नाटकच्या, म्हणजे तेव्हाच्या अर्काटच्या नवाबाच्या तमिळ मुलखाच्या, मोहिमेवर गेले, पुढच्या वर्षी त्यांनी तिरुचिरापल्ली घेतली आणि ती ताब्यात ठेवणाऱ्या चंदासाहेबाला कैद केले. आतल्या महामार्गाचा पर्याय निवडणाऱ्या कुटुंबाला तिरुचिरापल्लीचा किल्ला दाखवताना एवढी एक ओळ पुरेशी झाली असती. इतिहास सांगण्यासाठी शुल्क घेतलेले नाही, असे ते म्हणू शकतात. परंतु मनोरा ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडून ही अपेक्षा ठेवणे अवाजवी नव्हे.

देवळांच्या वेळांबाबत आखणी निर्दोष होती, आणि गाडीने जाणाऱ्यांच्या दृष्टीने हाच सर्वांत उपयोगी भाग आहे. तमिळनाडूतील मोठी मंदिरे दुपारी बंद होतात: चिदंबरमचे नटराज मंदिर आणि तंजावरचे बृहदीश्वर दुपारपासून साधारण चार-साडेचारपर्यंत, तर रामेश्वरमचे रामनाथस्वामी मंदिर साधारण एक ते तीन. आपल्याकडे दुपारी बाराची आरती आटोपून निवांत दर्शन घेण्याची सवय असलेली मंडळी इथे बंद दरवाजासमोर उभी राहतात. टिपणात चिदंबरम सकाळी, कुंभकोणमला जेवण, आणि तंजावरचे मंदिर ऊन उतरल्यावर, असा क्रम होता. उलट महाबलिपुरमची स्मारके दुपारीही उघडी असतात. मात्र किनाऱ्यावरील मंदिर व पंचरथ या दोन्ही ठिकाणी सावली अपुरी आहे, म्हणून ते सकाळच्या पहिल्या प्रहरात ठेवले होते. चेन्नईहून महाबलिपुरम साठ किलोमीटरच्या आत असल्याने ते सहज जमते. एक देऊळ पंधरा मिनिटांनी चुकले की दिवसाची घडी तीन तासांनी विस्कटते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या क्रमाची किंमत कळेल.

गाडीच्या बाबतीत मात्र सेवा उणी पडते. दरपत्रकात प्रतिकिलोमीटर दर ठळक अक्षरांत आणि बाकी सारे “प्रत्यक्ष आकारणीनुसार” अशा एका शब्दसमूहात गुंडाळलेले होते. प्रत्यक्ष आकारणी म्हणजे काय? दिवसाला किमान किलोमीटरची अट असते, त्यामुळे रामेश्वरमला गाडी उभी असली तरी त्या दिवसाचे पूर्ण किलोमीटर लागतात. मोजणी आपण बसतो तिथून होत नाही, गाडी तिच्या मालकाच्या आवारातून निघते तिथून होते. मदुराईला गाडी सोडली तरी ती चेन्नईला रिकामी परत जाण्याचे पैसे आपल्याच माथी येतात. त्यावर चालकाचा दैनिक भत्ता, रात्रीच्या प्रवासाचा आकार, टोल आणि पार्किंग. पुदुच्चेरी हा केंद्रशासित प्रदेश आहे, त्यामुळे तमिळनाडूच्या भाड्याच्या गाडीला तिथल्या प्रवेशाचा परवाना किंवा कर लागत असेल तर तो भाड्यात धरला आहे की नाही, हेही विचारावे लागते. यातील एकही आकार बेकायदा किंवा अवाजवी नाही, हा व्यवसायाचा रिवाजच आहे; परंतु आखणीचे वेगळे पैसे घेणाऱ्याने तो ग्राहकाला आधी उलगडून सांगायला हवा. आमचा अंतिम हिशेब दरपत्रकावरून काढलेल्या अंदाजाच्या सव्वापट झाला. तक्रार केल्यावर नियोजकाने सौजन्याने सर्व बाबी समजावल्या. ते समजावणे निघण्यापूर्वी झाले असते तर बरे.

स्वतः चालवण्यासाठी गाडी भाड्याने घेण्याचा पर्यायही त्यांनी ठेवला होता, आणि तिथे एक सूचना अत्यंत मोलाची होती: काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत क्रमांक असलेलीच गाडी घ्यावी. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या गाडीची ती खूण आहे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी कमी भाड्यात देऊ केली तर अपघात झाल्यावर विम्याची भरपाई नाकारली जाण्याचा धोका असतो. तरीही वडीलधारी मंडळी बरोबर असल्यास चालकासह गाडी घेणे अधिक सुखाचे. आमचा चालक अदबशीर होता, हिंदी त्याला जेमतेम येत होती; त्यासाठी सेवेने सर्व ठिकाणांची नावे तमिळ लिपीत छापलेला एक कागद दिला होता. दिसायला क्षुल्लक वाटणाऱ्या त्या कागदाने आमचा जितका वेळ वाचवला, तितका भ्रमणध्वनीवरील नकाशानेही वाचवला नाही.

खाण्याविषयी टिपण त्रोटक आहे आणि ते तसेच असावे. सकाळी इडली-पोंगल, दुपारी केळीच्या पानावरील भात, जागोजाग फिल्टर कॉफी, यांसाठी कोणाच्या सल्ल्याची गरज पडत नाही. पोळीशिवाय ज्यांचे जेवण होत नाही त्यांनी घरून दशम्या न्याव्यात.

रामेश्वरमचा भाग पुन्हा काळजीपूर्वक केलेला आहे. पांबन बेटाकडे जाणारा रस्तापूल 1988 मध्ये खुला झाला. त्यावरून जाताना शेजारी रेल्वेचे पूल दिसतात: 1914 चा जुना, जो डिसेंबर 2022 पासून गाड्यांसाठी बंद झाला, आणि एप्रिल 2025 मध्ये सुरू झालेला नवा, ज्याचा 72.5 मीटर लांबीचा मधला भाग जहाजांना वाट देण्यासाठी सरळ वर उचलला जातो. पुलावर गाडी थांबवून छायाचित्रे काढण्याची प्रथा वाहतुकीला घातक आहे. त्याऐवजी पूल ओलांडल्यावर पांबन गावाच्या बाजूने खाली उतरून पाहावे, ही टिपणातील सूचना आम्ही पाळली, आणि तिथून दृश्य अधिक चांगले दिसते. पुलाच्या हिशेबात दुपारचे ऊन पाठीमागे राहील अशी वेळ मात्र त्यांनी साधली नव्हती.

मंदिरातील स्नानाबाबत वृद्धांना आधी सांगून ठेवावे, असे त्यांनी बजावले होते आणि ते खरे आहे. समुद्रावरील अग्नितीर्थानंतर मंदिराच्या आतील 22 तीर्थांचे पाणी एकेका विहिरीतून बादलीने अंगावर घेतले जाते, दगडी फरशी सतत ओली असते, आणि ओल्या वस्त्रांनी मुख्य दर्शनाला जाता येत नाही. म्हणून कोरडे कपडे सांभाळणारा एक माणूस बाहेर ठेवावा लागतो. भ्रमणध्वनी आत नेता येत नाहीत, तेव्हा भेटण्याची जागाही आधीच ठरवावी. मुक्कामाचे त्यांनी दिलेले सर्व पर्याय मंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. भाडे थोडे जास्त पडते, पण ओलेत्या अंगाने रिक्षा शोधण्याची वेळ येत नाही. मंदिराच्या त्या प्रसिद्ध, स्तंभांच्या दीर्घ प्राकारातून मात्र स्नानाच्या घाईत धावू नये. संध्याकाळी पुन्हा, केवळ स्तंभ पाहण्यासाठी जावे, असे त्यांनी सुचवले होते आणि आमच्या मंडळींना सगळ्या प्रवासात तीच घटका सर्वाधिक आवडली.

धनुष्कोडीसाठी सकाळची वेळ दिली होती. अरिचलमुनै या टोकापर्यंत 2017 मध्ये डांबरी रस्ता झाला. त्यापूर्वी वाळूतून खास वाहनांनी जावे लागे. दोन्ही अंगांना समुद्र ठेवून रस्ता सरळ जातो, वाटेत चर्चचे आणि रेल्वे स्थानकाचे अवशेष उभे आहेत, आणि टोकापासून श्रीलंकेचे तलैमन्नार सुमारे 30 किलोमीटरवर आहे. संध्याकाळी वाहनांना तिकडे सोडत नाहीत, त्यामुळे सूर्यास्ताचा बेत करणाऱ्यांची निराशा होते. प्रवाह जोरदार असल्याने तिथे पाण्यात उतरू नये, हे आखणीत लाल अक्षरांत होते. माजी राष्ट्रपती डॉ. कलाम यांचे 2017 मध्ये खुले झालेले स्मारक पैकरुंबू येथे, बेटावरून बाहेर पडण्याच्या रस्त्यावर आहे. ते त्यांनी निघण्याच्या दिवशी ठेवले, ही व्यवस्था सोयीची.

परतीच्या बाबतीत सेवेने जे सुचवले ते इतर कोणी सुचवले नसते. चेन्नईला परत न जाता 170-175 किलोमीटरवरील मदुराई गाठावी, मीनाक्षीचे दर्शन घ्यावे आणि तिथूनच नागपूरमार्गे दिल्लीकडे जाणारी संपर्क क्रांती किंवा तिरुक्कुरल एक्स्प्रेस पकडावी. गाडीचा रिकामा फेरा द्यावा लागूनही एक मुक्काम व दिवसभराचा प्रवास वाचतो. अडचण एकच: या गाड्या रोज धावत नाहीत, त्यामुळे त्यांचे वार पाहूनच नागपूरहून निघण्याची तारीख ठरवावी लागते. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या 60 दिवस आधी खुले होते आणि या सेवेला आखणी पूर्ण करून द्यायला दोन आठवडे लागतात. तेव्हा फेब्रुवारीत जायचे असल्यास नोव्हेंबरच्या मध्यावर त्यांच्याकडे जावे, आणि पहिल्याच भेटीत परतीची गाडी व भाड्याच्या गाडीचा संपूर्ण हिशेब, दोन्ही कागदावर मागून घ्यावेत.